पीकविमा भरण्यासाठी तालुक्याच्या सेवा केंद्रात: एक अनुभव

लातूर जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी बसस्थानकामागे असलेल्या सेवा केंद्रात मी सलग तीन खरीप हंगाम सोयाबीनचा विमा भरला आहे. संगणकावर बसणारा मुलगा कामात तरबेज आहे; सातबारा, पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र, आधार आणि बँक पासबुक हाती दिले की अर्ध्या तासात पावती मिळते. २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांकही लागू लागल्याने तो नसलेल्यांना मात्र परत जावे लागते.

तक्रार पैशांची आहे. प्रत्येक अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीच केंद्रचालकाला देते, तरीही येथे शंभर रुपये वरून मागितले जातात आणि त्याची पावती मिळत नाही. २०२३ मध्ये विमा एक रुपयात होता, तेव्हा हे शंभर रुपये फारच डोळ्यांत खुपत.

२०२५ मध्ये सरकारने ती सवलत बंद केली आणि खरिपासाठी विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के हप्ता पुन्हा आमच्याकडे आला. बोगस अर्जांचे कारण मला पटते. परंतु अतिवृष्टीने एकट्याच्या शेताचे झालेले नुकसान वगळून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांवर, म्हणजे महसूल मंडळातील काही निवडक शेतांत पीक कापून काढलेल्या सरासरी उत्पादनावर, ठेवणे मला अन्यायाचे वाटते, कारण मंडळाची सरासरी चांगली आली की ओढ्याकाठच्या, पाण्याखाली गेलेल्या माझ्या दोन एकरांचा हिशेब कोणीच करत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्याने पूर पाहिला.

केंद्राला पाचपैकी तीन गुण, योजनेला दोनच.