रिमोटच्या गाडीसाठी सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) घ्यायचा, पण आतल्या गिअरचे दात प्लॅस्टिकचे की धातूचे?

गाडी डावीकडे वळते, उजवीकडे नुसती करकरते? आधी सर्व्होचा दांडा सोडवून बघा. मोकळा सर्व्हो नीट फिरला तर दोष चाकांच्या जोडणीत आहे, खर्च वाचला. तरीही करकरला तर बहुधा गिअरचे दात गेले.

प्लॅस्टिकचा स्वस्त, हलका, पण चाक एकदा जोरात आपटलं की दात सपाट. धातूचा टिकतो, महाग पडतो. मात्र तो धक्का गिळत नाही, पुढे ढकलतो. सर्व्हो सेव्हर (धक्का झेलणारी स्प्रिंगची जोडणी) फार कडक असेल तर दुसरंच काही तुटतं. माझा हॉर्न (सर्व्होच्या फिरत्या टोकावर बसणारा छोटा हात) असाच गेला. बसवण्याची मेहनत सारखीच, फक्त हॉर्नचे खाचे मोजा: २३, २४ की २५.

गुळगुळीत जमिनीवर हलकी गाडी फिरवणाऱ्याला प्लॅस्टिक पुरे. दगडधोंड्यांत, मोठ्या चाकांवर धातूचाच.