फुग्यातलं तारांगण, मेलेले तारे आणि एक चमचा

रविवारी बडोद्यात दांडिया बाजारजवळ एका हॉलमध्ये फिरतं तारांगण आलं होतं, तेच ते हवा भरून फुगवतात ते, आयोजकांचं नाव नाही लिहीत. तिकीट माणशी १२०, शो पाऊण तासाचा, विषय मेलेले तारे. धाकटी हटून बसली नाहीतर मी सरळ सेव उसळ खायला गेले असते.

शो चाळीस मिनिटं लेट, आत एसी नाही, पंखा असा घोंघावतो की निम्मं निवेदन ऐकूच येत नाही.

पण लेट झाला ते बरंच झालं. दाखवणाऱ्या मुलाने वैतागलेल्या पोरांना जिन्यावर बसवलं, एका पायरीवर दोघंच, तिसरा आला की त्याने वर जायचं. आठ पायऱ्या भरल्या, वरची दोघं धापा टाकतायत आणि हा म्हणतो तुम्ही सगळे इलेक्ट्रॉन, जितकी वरची पायरी तितका वेग जास्त! तारा विझला, गार झाला तरी खालच्या पायऱ्या फुल्ल, त्यामुळे वरच्यांना खाली उतरताच येत नाही, पळत राहावंच लागतं आणि त्याच पळापळीच्या दाबावर श्वेत बटू, म्हणजे सूर्यासारखा तारा विझल्यावर उरलेला गोळा, तग धरतो. व्याध ताऱ्याचा जोडीदार असाच, आकार पृथ्वीएवढा आणि वस्तुमान जवळजवळ सूर्याएवढं. त्यात अजून माल टाकला की तो फुगत नाही, उलट आक्रसतो, हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. सूर्याच्या साधारण १.४ पट झालं की इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाला टेकतात, दाब पुरत नाही, डोलारा कोसळतो. १९३० मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांनी हे गणित मांडलं तेव्हा ते १९ वर्षांचे होते, नोबेल मिळालं १९८३ ला!

आतला शो त्या जिन्यापुढे फिका. न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठा तारा कोसळून उरलेला जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरचा गोळा, आपल्या बडोद्याएवढाच म्हणा, ते छान दाखवलं. मग ओट्यावर एक चमचा, त्यात त्याचा तुकडा, वजन शेकडो कोटी टन. धाकटी म्हणाली, आई, पण तो चमच्यात राहील कशाला? बरोबरच आहे ना, ताऱ्याच्या गुरुत्वाने आवळून धरलंय म्हणून तो तसा आहे, बाहेर काढला की स्फोट होऊन उधळेल, ओटा कसला उरतोय. विचारायला गेलो तर पुढच्या शोची लाईन लागलेली.

साडेतीन स्टार, अर्धा त्या चमच्याचा कापला. आत शिरायला रांगत जावं लागतं, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी विचार करा आणि पोरांना आधी शू करवून न्या.