कॉडल की इलिओइंग्वायनल? मुलांच्या हर्नियापुरतं बोलायचं तर

नव्यानं मुलांच्या केसेस घ्यायला लागलेला भूलतज्ज्ञ भेटला की हा प्रश्न ठरलेला असतो. मूल गॅसवर झोपलेलं असणार, पॅरासिटामॉल दिलेलं असणार, हे धरूनच चालू. प्रश्न फक्त नंतरच्या दुखण्याचा. त्यासाठी दोन ब्लॉक, म्हणजे नसा बधिर करायच्या दोन वाटा : कॉडल, म्हणजे पाठीच्या तळाशी सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करणं, आणि इलिओइंग्वायनल, म्हणजे फक्त जांघेकडे जाणारी नस बधिर करणं.

कॉडलवर माझा हात बसलेला आहे, त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोलताना जरा जड जातं. १९३३ साली कॅम्पबेल नावाच्या मूत्ररोगतज्ज्ञानं मुलांमधल्या कॉडलबद्दल लिहिलं. तेव्हापासून ते टिकून आहे, ते उगाच नाही. मूल कुशीवर, माकडहाडाच्या वरचे दोन उंचवटे बोटाखाली, मधल्या खळग्यात सुई आणि पडदा फुटल्याचा तो हलकासा ‘टक्’. दोन मिनिटांचं काम. शिवाय सर्जन हर्नियाची पिशवी ओढतो तेव्हाही मूल शांत असतं. इलिओइंग्वायनल तिथं कमी पडतो. कातडी आणि स्नायू बधिर होतात, पण पेरिटोनियमची, म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराची ओढ त्याच्या आवाक्यात नाही. त्या अर्ध्या मिनिटात नाडी चढते, गॅस वाढवावा लागतो, नाहीतर थोडं फेंटॅनिल, म्हणजे जोरकस वेदनाशामक, द्यावं लागतं.

मग माझं बिनसलं कुठं? पायांवर.

सहा वर्षांचा मुलगा, सकाळची पहिली केस, कॉडल अगदी पुस्तकातल्यासारखं बसलेलं. रिकव्हरीत जागा झाला आणि किंचाळायला लागला. सिस्टरनं दुखण्याचा तक्ता भरला : चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजूत. दहापैकी सहा गुण. सिस्टर सुईत दुखण्याचं औषध भरूनच उभ्या होत्या. मी जखमेच्या पट्टीवर हलकं दाबून पाहिलं, पोराला पत्ताच नाही. तक्त्यात फक्त ‘पाय’ या रकान्यात शून्य होतं आणि खरं दुखणं नेमकं तिथंच होतं. तो स्वतःच्या मांडीवर मूठ आपटत होता, दुसऱ्या कुणाचा पाय आपल्या अंथरुणात आल्यासारखा. “माझा पाय कुठाय?” एवढंच विचारत होता. दाराशी आजी उभी. त्यांनी एकच ऐकलं : पाठीत सुई दिली आणि पोराचे पाय गेले. दुपारी दोनला तो लटपटत उभा राहिला, तोवर मी त्या बाईंच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही.

तान्ह्या बाळाला याचं काही नसतं, ते तसंही चालत नाही. पण चार-पाच वर्षांपुढच्या मुलाला दुखत नसलं तरी पाय हवे असतात. लघवीचंही थोडं तसंच. कॉडलनंतर ती अडतेच असं मी म्हणणार नाही, पण ‘शू झाली का?’ म्हणून घरी सोडायचं लांबवलंय मी बऱ्याचदा.

आता औषधाचा हिशोब. सोळा किलोचं मूल, कॉडलचा असर जांघेपर्यंत पोचायला किलोमागे एक मिली, म्हणजे पाव टक्का ब्युपिव्हकेन हे बधिर करणारं औषध सोळा मिली, म्हणजे चाळीस मिलिग्रॅम. किलोमागे अडीच मिलिग्रॅमची कमाल मर्यादा तिथंच संपली. सर्जननं नंतर जखमेत आणखी थोडं मागितलं तर हात वर करायचे. इलिओइंग्वायनलला सोनोग्राफीवर पोटाचा आतला तिरका स्नायू आणि आडवा स्नायू यांच्यामधली नस दिसते, तिथं किलोमागे ०.२ मिली पुरतं. सव्वातीन मिली, आठ मिलिग्रॅम. फ्रेंचभाषक बालभूलतज्ज्ञांनी २०१० मध्ये छापलेल्या एकतीस हजारांवर ब्लॉक्सच्या पाहणीत एकूण गुंतागुंत हजारी एकाच्या आसपासच होती. पण कॉडलसारख्या मणक्याजवळच्या ब्लॉक्समध्ये ती इलिओइंग्वायनलसारख्या मणक्यापासून दूरच्या ब्लॉक्सच्या सहापट. घाबरण्यासारखं नाही, पण माझा कल त्यानं आणखी पक्का झाला.

सोनोग्राफी मशीनशिवाय इलिओइंग्वायनल मात्र मी सुचवणार नाही. अंदाजानं देत होतो तेव्हा माझे चारातले एक फसायचे. वर औषध खाली झिरपून मांडीची फीमरल नस बधिर झाली, की ज्या पायासाठी कॉडल सोडलं तोच पाय पुन्हा लुळा. आणि मशीन म्हटलं की आपल्याकडे गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आलाच. नोंदणी त्या जागेची आणि त्या मशीनची, पिशवीत घालून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात न्यायची सोय नाही. कायदा का आला ते ठाऊक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्यासारख्या फिरत्या भूलतज्ज्ञाची निवड निम्मी तिथंच ठरते.

म्हणून माझं आजचं गणित असं. वर्षाच्या आतलं बाळ किंवा दोन्ही बाजूंचा हर्निया असेल तर कॉडल, बिनतक्रार. चालतं-बोलतं मूल, एक बाजू आणि थिएटरात नोंदणी झालेलं मशीन असेल तर इलिओइंग्वायनल. पिशवी ओढतानाचं ते अर्धं मिनिट मी सांभाळून घेतो. मशीन नसेल तर कॉडलच, पण औषध पातळ करून, ०.१२५ टक्क्यांवर आणून. पायातली ताकद बरीच शाबूत राहते. आणि आदल्या संध्याकाळी मुलाला, आईला आणि आजी असेल तर आजीलाही बसवून सांगतो : उद्या पोटाबरोबर पायही झोपणार आहेत, ते जरा उशिरा उठतील.