फुटबॉल मॅचसोबतची फ्रेंच रेड वाईन: अख्ख्या सीझननंतरचा अनुभव

बूच काढलं आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. बोर्दोकडची 16 युरोंची मेदॉक रेड, आणि मॅच सुरू व्हायला जेमतेम दहा मिनिटं. बुचातून लागणारा हा दोष फ्रान्समध्ये कुठल्याही वाईनवाल्याला माहीत असतो. तरी दुसऱ्या दिवशी दुकानदार बाटली हुंगायलाही तयार होईना. आधी पावती मागितली. ती दाखवली, तर म्हणे एक ग्लास कमी आहे. अहो, ओतल्याशिवाय कळणार कसं? बऱ्याच वादावादीनंतर बाटली बदलून द्यायला कबूल झाला. मेदॉकवरून मन उडालं होतं, म्हणून शेजारच्या फळीवरची 12 युरोंची बोजोलेकडची मोर्गों घेतली आणि वरचे 4 युरो मागून घेतले. या सीझनची सगळ्यात चांगली खरेदी तीच ठरली.

आम्ही लिऑनला राहतो. शहराच्या उत्तरेला बोजोले, दक्षिणेला रोनचं खोरं, त्यामुळे चांगली रेड दाराशीच मिळते. दारूला आळा घालणाऱ्या 1991 च्या एव्हँ कायद्यामुळे स्टेडियमच्या साध्या स्टँडात ती सहसा मिळत नाही, म्हणून मॅच आणि वाईनची गाठ घरीच पडते. जमणारे बहुतेक कोल्हापूर-सांगलीकडचे, शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी या तालीम संघांचा फुटबॉल बघत मोठे झालेले. मॅच म्हटली की आरडाओरडा होणार आणि समोर लसणाचं तिखटजाळ भडंग असणार, हे धरूनच वाईन निवडायची.

माझ्या मते द्राक्ष, गाव, वर्ष या सगळ्याच्या आधी तापमान बघावं. जेवताना माणूस घोट घोट घेत राहतो. मॅच बघताना ग्लास भरतो, टीपॉयवर ठेवतो आणि विसरतो. हीटर चालू, खोलीत सात-आठ माणसं, म्हणजे 22-23 अंश सहज. 17 अंशांवर ओतलेली रोनकडची शातनफ द्यु पाप हाफटाइमपर्यंत अशी तापते की 14.5 टक्के अल्कोहोल आधी नाकात झोंबतं आणि फळाचा वास मागे पडतो. एवढी महागडी बाटली अशी वाया घालवणं मला पटत नाही. बोजोले मात्र 13 अंशांवर उघडली तर ग्लासात चढत चढत 17-18 वर येते आणि तिथेही छान लागते. मी स्वयंपाकाचा थर्मामीटर लावून बघितलंय.

बोजोले निवडायचं दुसरं कारण भडंग. तिखटाने टॅनिनचा (द्राक्षाच्या साली-बियांतून येणाऱ्या घटकाचा) तुरटपणा आणि अल्कोहोलची आग दोन्ही वाढतात, म्हणून कोवळी मेदॉक त्याच्यासोबत घशाला ओढते. बोजोलेच्या गामे द्राक्षात टॅनिन मुळात कमी. त्यात तिथे अख्खे घड टाकून आंबवायची पद्धत, त्यामुळे फळाचा स्वाद पुढे येतो. 1395 मध्ये बरगंडीच्या ड्यूक फिलिपने गामे उपटून टाकायचा हुकूम काढला होता. बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या उतारांवर ती टिकली, हे आपलं नशीब.

हे जानेवारीत लिहिलं असतं तर पहिला नंबर कोत द्यु रोनच्या 3 लिटरच्या खोक्याला दिला असता. चार बाटल्यांचा माल 20 युरोंच्या आत. आतली पिशवी आकसत जाते, हवा शिरत नाही, महिनाभर चव टिकते. थंडीत आणि 90 मिनिटांत संपणाऱ्या मॅचला आजही तोच घ्या म्हणेन.

पण 17 एप्रिल 2025 ला मत बदललं. मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड, आमच्या लिऑनची युरोपा लीगची क्वार्टर फायनल. आमचे दहाच खेळाडू उरले असताना 109व्या मिनिटाला 4-2 ने पुढे, आणि 114व्या मिनिटापासून तीन गोल खाऊन 5-4 ने बाहेर. अजून बोलवत नाही त्यावर. त्या रात्री जादा वेळ सुरू झाला तेव्हा खोक्यातली रोन जड वाटायला लागली होती, कुणी ग्लासाला हात लावेना. बोजोलेच्या शिरूब्लची बाटली तेवढी संपली. मॅच 120 मिनिटांची होऊ शकते, तेव्हा वाईनही तेवढी पुरणारी हवी. बोजोलेच्या दहा क्रूंपैकी (म्हणजे स्वतःच्या नावाने वाईन विकणाऱ्या खास भागांपैकी) शिरूब्ल आणि फ्लरी हलक्या, मोर्गों थोडी भरदार, ब्रुयी खिशाला परवडणारी.

लोआर खोऱ्यातली शिनों ही रेडही थंड करून चालते, पण तिचा ढोबळ्या मिरचीसारखा वास मला भडंगासोबत नको वाटतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी बोजोले नूव्हो, म्हणजे त्याच वर्षीची ताजी वाईन, त्या आठवड्यातच संपवा, साठवून ठेवू नका.

बाटली मॅचआधी पाऊण तास फ्रीजमध्ये, मग बाहेर, हाफटाइमला पुन्हा आत. ग्लास तिसरा हिस्साच भरा.

त्या दुकानात परत गेलेलो नाही. आता गाडी काढून थेट विलिए-मोर्गोंला जातो. तिथे चाखून घेता येते, आणि सहाचा खोका उचलला की दोन पैसे कमी करा म्हणून विचारताही येतं.