पॉम्पेईचे रिकामे प्रेक्षागार, नव्या ध्वनिमिश्रणात

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडने ऑक्टोबर १९७१ मध्ये इटलीतल्या पॉम्पेई या ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन नगराच्या रोमन प्रेक्षागारात एकाही निमंत्रित श्रोत्याविना जे वादन केले, त्याच्या चित्रपटाची नव्याने दुरुस्त केलेली आवृत्ती २०२५ च्या एप्रिलमध्ये जगभरच्या आयमॅक्स आणि इतर चित्रपटगृहांत दाखवली गेली, आणि २ मे रोजी ती सीडी, एलपी व ब्लू-रे अशा रूपांत बाजारात आली. नाव आहे ‘पिंक फ्लॉइड ॲट पॉम्पेई’ आणि त्यापुढे रोमन अंकांत १९७२ हे साल. दिग्दर्शक एड्रियन मेबन यांचा हा चित्रपट प्रोग्रेसिव्ह आणि सायकेडेलिक रॉकच्या (लांब, प्रयोगशील आणि स्वप्नवत रॉक संगीताच्या) चाहत्यांना नवा नाही. आमच्या पिढीतल्या अनेकांनी तो व्हीएचएसवर, तेही नकलेवरून काढलेल्या नकलेत, पडद्यावर आडव्या रेषा सरकत असताना पाहिला आहे. त्या काळी अशी एखादी कॅसेट पुण्यामुंबईतल्या वसतिगृहांत खोलीखोलीतून फिरत असे, आणि ती पाहिलेली माणसे आजही भेटली की प्रत्येकाची आठवण वेगळी निघते. कोणाला उन्हात गाँग (टांगलेली मोठी धातूची थाळी) बडवणारे बँडचे बासवादक रॉजर वॉटर्स आठवतात, कोणाला वाफाळणाऱ्या चिखलाजवळून चालणारे बँडमधले चौघे, तर ड्रम वाजवणाऱ्या माझ्या एका मित्राला केवळ बँडचे ड्रमवादक निक मेसन.

त्या मित्राच्या आठवणीमागे एक वस्तुस्थितीही आहे. ‘वन ऑफ दीज डेज’ या रचनेच्या चित्रीकरणाची बरीचशी रिळे हरवली आणि उरली ती मुख्यतः मेसन यांच्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याची. त्यामुळे ही रचना पडद्यावर जवळजवळ संपूर्णपणे त्यांचीच झाली आहे. वादनाच्या ऐन भरात हातातली काठी निसटते, ते क्षणार्धात दुसरी उचलतात आणि ताल तसूभरही ढळत नाही. जुन्या प्रतीत हे घडले एवढेच कळत असे. नव्या प्रतीत निसटलेली काठी, दुसरीकडे जाणारा हात आणि त्याच वेळी चालू राहिलेला पाय हे सारे स्वच्छ दिसते आणि बास ड्रमचा ठोका वेगळा ऐकूही येतो.

हा बदल घडला तो मूळ ३५ मिलिमीटर निगेटिव्हमुळे. बँडच्या संग्रहात संदिग्ध नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या पाच डब्यांत ती सापडली आणि तिच्यावरून ४के दर्जाची (अतिशय बारीक तपशील दाखवणारी) प्रत तयार करण्यात आली. दुरुस्तीचे काम लाना टोपहॅम यांच्या देखरेखीखाली झाले. रंग भडक केलेले नाहीत आणि चित्रफितीचा मूळ कणदारपणा पुसून टाकलेला नाही, ही या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे. दगडी पायऱ्यांचा फिका पिवळा, मातीचा करडा आणि ‘पिंक फ्लॉइड, लंडन’ असे छापलेल्या काळ्या पेट्यांची रांग, यांचे मूळ नाते तसेच राहिले आहे. २००३ च्या दिग्दर्शकीय आवृत्तीत अंतराळाची संगणकीय दृश्ये घालून चित्रपटाचा जो एकसंधपणा बिघडवला होता, तो इथे परत मिळाला आहे.

ध्वनिमिश्रण स्टीव्हन विल्सन यांचे आहे. पॉर्क्युपाइन ट्री या बँडचे प्रमुख आणि किंग क्रिम्सन, येस, जेथ्रो टल यांच्या जुन्या अल्बमांचे नवे मिश्रण करणारे संगीतकार म्हणून ते या वर्तुळात सर्वांना ठाऊक आहेत. त्यांनी इथे जुन्या ध्वनिमुद्रणाला आजच्या चवीप्रमाणे जाड आणि मोठे केलेले नाही. वाद्यांमध्ये अंतर निर्माण केले आहे. ‘एकोज’ सुरू होते तेव्हा बँडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांचा पियानोचा एकच स्वर लेस्ली स्पीकरमधून (आवाज गोल फिरवणाऱ्या स्पीकरमधून) फिरत येतो, आणि दोन स्वरांच्या मधली शांतता आता इतकी निर्मळ आहे की पुढचा स्वर येईपर्यंत आपण खरोखर वाट पाहतो. पुढे गिटारवादक डेव्हिड गिल्मोर आणि राइट एकत्र गाऊ लागतात. जुन्या प्रतीत त्या दोघांचे आवाज एकमेकांत विरघळून गेल्यासारखे वाटत. आता राइट यांचा मऊ आवाज वेगळा ओळखता येतो. २००८ साली गेलेल्या या कलावंताचे बँडमधले स्थान किती मध्यवर्ती होते, हे मला कोणत्याही लेखापेक्षा या मिश्रणाने अधिक पटवले.

इथे लक्षात ठेवायला हवे की ‘एकोज’ ज्यात आहे तो ‘मेडल’ हा अल्बम तेव्हा बाजारात यायचा होता. म्हणजे तेवीस मिनिटांहून मोठी असलेली ‘एकोज’ श्रोत्यांच्या हाती तबकडीवर पोहोचण्याआधीच हे चौघे ती पॉम्पेईत वाजवत होते. ओठ हलवून आधीच्या ध्वनिमुद्रणावर अभिनय करणार नाही, प्रत्यक्षच वाजवू, ही बँडची अट होती. त्यासाठी पूर्ण ध्वनियंत्रणा लंडनहून आणावी लागली, आणि ती चालवण्याइतकी वीज प्रेक्षागारात नसल्यामुळे गावातून थेट केबल ओढेपर्यंत चित्रीकरणाचे मोलाचे दिवस खर्ची पडले. परिणामी ‘एकोज’, ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ आणि ‘वन ऑफ दीज डेज’ एवढ्याच रचना तिथे चित्रित झाल्या. बाकीचे काम पुढे पॅरिसच्या स्टुडिओत उरकले, आणि राइट यांची दाढी एका दृश्यात असते व दुसऱ्यात नसते त्याचे कारण हेच.

इतक्या स्पष्ट प्रतीत पॅरिसचा भाग पॉम्पेईपेक्षा कमी पडतो, हे सांगायलाच हवे. ‘सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन’ वादन म्हणून उत्तम आहे, परंतु पार्श्वभूमीवर टाकलेली दृश्ये आता अधिकच चिकटवल्यासारखी दिसतात. राइट यांनी धरून ठेवलेली नोब्स नावाची कुत्री गिल्मोर यांच्या हार्मोनिकाच्या साथीने विव्हळते, तो तुकडा पूर्वीही लांबलेला होता आणि आजही आहे. याउलट नंतर जोडलेली ॲबी रोड स्टुडिओतली दृश्ये अनमोल आहेत. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा बँडचा पुढचा गाजलेला अल्बम आकाराला येत असताना वॉटर्स सिंथेसायझरच्या कळा फिरवत बसले आहेत, गिल्मोर गिटारचा एक तुकडा घडवत आहेत, आणि उपाहारगृहात मेसन कवचाशिवायचा ॲपल पाय मागत आहेत. वॉटर्स यांचा २००७ मधला मुंबईतला कार्यक्रम पाहिलेल्या वाचकांनी ही दृश्ये अवश्य पाहावीत, कारण वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर त्या रात्री गर्दीने तोंडपाठ म्हटलेली गाणी इथे अजून अर्धवट, चाचपडत उभी आहेत.

‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’साठी मात्र स्वतंत्रपणे थांबायला हवे. गिल्मोर जमिनीवर बसून गिटारच्या तारांवर स्लाइड (गुळगुळीत नळी) घासत आहेत, राइट मुठींनी पियानो बडवत आहेत आणि सूर्याच्या समोर वॉटर्सचा गाँग हेलकावत आहे. या गोंगाटातून शेवटी ऑर्गनची संथ स्वरमाला उगवते आणि तिच्यावर गिल्मोर यांचा शब्दहीन आवाज चढत जातो. जुन्या ध्वनिमुद्रणात हा मधला भाग एक सलग गर्जना होता. विल्सन यांनी त्यातली प्रत्येक वस्तू तिच्या जागी ठेवल्यामुळे त्या गर्जनेलाही रचना आहे, आणि चौघेही एकमेकांकडे लक्ष देऊन ती घडवत आहेत, हे उमगते. इसवी सनापूर्वी सुमारे ७० साली बांधलेल्या आणि वीस हजार प्रेक्षक मावतील अशा त्या वास्तूत टाळ्या वाजवणारे कोणी नसल्यामुळेच ही एकाग्रता शक्य झाली, असे माझे ठाम मत आहे. वुडस्टॉक या अमेरिकेतल्या मोठ्या संगीत महोत्सवावरच्या चित्रपटात कॅमेरा वारंवार गर्दीकडे वळतो. इथे त्याला वादकांच्या हातांवाचून पाहण्यासारखे काही उरत नाही.

कोणते रूप विकत घ्यावे, हा प्रश्न उरतो. माझ्या मते ब्लू-रेला पर्याय नाही, कारण हे संगीत ऐकताना ते कसे निर्माण होते हे दिसणे हाच या कृतीचा प्राण आहे; शिवाय घरी पाच-एकची (चहूबाजूंनी ठेवलेल्या स्पीकरांची) ध्वनिव्यवस्था असेल तर प्रेक्षागारातली पोकळी त्यातच पूर्णपणे जाणवते. केवळ ऐकायचे असेल तर दोन सीडींचा संच पुरेसा आहे. हे ध्वनिमुद्रण २०१६ च्या ‘द अर्ली इयर्स’ या मोठ्या आणि महागड्या संचात आले होते, परंतु स्वतंत्र अल्बम म्हणून ते आता प्रथमच मिळत आहे. या अल्बमविषयी माझी खरी तक्रार एकच आहे: चित्रपटाच्या क्रमाला धरून ‘एकोज’चे दोन तुकडे सुरुवातीला आणि शेवटी ठेवले आहेत. पडद्यावर ही विभागणी शोभते, पण ऐकताना ती रचनेचा कणा मोडते. दुसऱ्या सीडीवर जागा असताना तिथे अखंड ‘एकोज’ द्यायला हवे होते. त्याऐवजी तिथे ‘केअरफुल विथ दॅट ॲक्स, यूजीन’चे पर्यायी वादन आणि ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’चे काटछाट न केलेले रूप आहे. पहिले संग्राहकांपुरते महत्त्वाचे आहे. दुसरे मी चित्रपटातल्या रूपापेक्षा अधिक वेळा ऐकतो, कारण त्यात गोंगाटाला शमायला पुरेसा अवधी मिळतो आणि त्यानंतर येणारा ऑर्गन अधिक परिणाम करतो.