ऑनलाइन घटस्फोट : जाहिरातीत ३९९ डॉलर, प्रत्यक्षात किती?

आमचं भांडण नव्हतं. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या भाड्याच्या घरात शेवटचे काही महिने आम्ही शेजाऱ्यांसारखे राहिलो आणि २०२३च्या जानेवारीत दोघांनी मिळून ठरवलं की आता कागदोपत्रीही वेगळं व्हायचं. मूलबाळ नाही, दोघांनाही नोकरी. मग वकील कशाला, म्हणून मी ऑनलाइन घटस्फोट करून देणारी एक सेवा घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. पण त्यानंतर ओळखीतल्या तिघींनी हळूच फोन करून विचारलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी जे चांगलं होतं ते. ३९९ डॉलर भरले, तासाभरात प्रश्नांची उत्तरं देऊन झाली आणि दुसऱ्या दिवशी एफएल-१०० या घटस्फोटाच्या मूळ अर्जापासून सगळे फॉर्म स्वच्छ भरून आले. माहेरचं नाव परत घेण्याची खूणही बरोबर जागी होती. पण हेच फॉर्म कॅलिफोर्नियाच्या कोर्टाच्या साइटवर फुकट मिळतात आणि हेवर्डच्या कोर्टातल्या सेल्फ-हेल्प केंद्रात बसलेली माणसं ते एक पैसा न घेता तपासूनही देतात. मला हे पैसे भरल्यावर कळलं. कोर्टाची ४३५ डॉलर फी वेगळी. म्हणजे ३९९ डॉलर मी निव्वळ टायपिंगचे दिले.

आता खरा मुद्दा. फॉर्ममध्ये एक छोटा चौकोन आहे : विभक्त झाल्याची तारीख. साइटवर तिथे एक कॅलेंडर उघडतं, तारखेवर बोट ठेवलं की पुढचा प्रश्न. मी जानेवारी २०२३ टाकला, कारण कोर्टात जायचं तेव्हा ठरलं. आमचं लग्न डिसेंबर २०१२चं. म्हणजे संसार दहा वर्षांच्या वर गेला, आणि कॅलिफोर्नियात दहा वर्षांचं लग्न हे दीर्घकाळाचं धरतात. वेगळा करार नसेल तर पोटगीचा विषय कोर्ट कितीही वर्षांनी उघडू शकतं. साइटने याबद्दल चकार शब्द काढला नाही.

हे ज्यांनी दाखवलं त्या वकीलबाई मला तिसऱ्या प्रयत्नात मिळाल्या. आधीच्या दोघांनी सुरुवातीलाच ५,००० डॉलर जमा करायला सांगितले होते, आणि एकच वकील दोघांच्या बाजूने उभा राहत नाही, म्हणजे नवऱ्याचे आणखी तेवढेच. या बाई मात्र फक्त कागद तपासून सल्ला द्यायला तयार झाल्या, तासाला ४५० डॉलर. इथे याला लिमिटेड स्कोप म्हणतात आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. अडीच तास लागले. त्यातला अर्धा तास त्या एकाच चौकोनावर गेला. "तुमच्या दोघांच्या मनातून हे नक्की कधी संपलं, आणि ते तुमच्या वागण्यात कुठे दिसतं?" मी आठवत बसले. ऑगस्ट २०२२. त्या महिन्यात आम्ही बँकेची खाती वेगळी केली, तो दुसऱ्या खोलीत झोपायला गेला आणि दोघांच्या आयांना फोन करून सांगितलं. एका छपराखाली राहत होतो म्हणून ती तारीख बाद होत नाही. खरी तारीख तीच होती, म्हणजे संसार दहा वर्षांच्या आतला, आणि तिथून पुढचा माझा पगार, बोनस, शेअर सगळं माझं एकटीचं. आम्ही अर्ज ती तारीख घालून दिला.

नवऱ्याला कागद मी स्वतः देऊ शकत नव्हते, तसा नियमच आहे. एका रविवारी मैत्रीण आली, तिघांनी चहा घेतला आणि मग तिने लिफाफा त्याच्या हातात ठेवला. त्याने तो उघडला नाही, कप धुऊन ठेवला. घटस्फोटासाठी किमान थांबावी लागणारी सहा महिन्यांची मुदत त्या दिवसापासून मोजतात, अर्ज भरल्याच्या दिवसापासून नाही.

साइटचा पुढचा सल्ला होता की नवऱ्याने उत्तरच दाखल करू नये. करारावर नोटरीसमोर सही केली की पुरे, त्याचे ४३५ डॉलर वाचतात. अमेरिकेपुरतं हे बरोबर आहे. पण आमचं लग्न पुण्यात हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं. पुण्यातल्या वकीलबाईंना फोन लावला, १२,००० रुपये फी. त्या म्हणाल्या, "ताई, हे पैसे वाचवू नका. त्यांना तिथे हजर होऊ दे." सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या नरसिंह राव निकालानुसार परदेशी घटस्फोट भारतात टिकायचा तर दुसऱ्या बाजूने तिथल्या कोर्टाचा अधिकार मनापासून मानलेला किंवा घटस्फोटाला संमती दिलेली दिसावी लागते. नुसतं गप्प राहणं पुढे अडचणीचं ठरतं. त्याने उत्तर दाखल केलं, फी भरली, करारात संमती स्पष्ट लिहिली.

कोथरूडचा फ्लॅट दोघांच्या नावावर होता आणि साइटवर भारतातल्या घराला जागाच नव्हती. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोत बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये पडतं, स्थानिक अधिभार वेगळा. घटस्फोट झाला की ते नातं उरत नाही आणि ही सवलतही नाही. म्हणून नवरा गणपतीला पुण्याला गेला तेव्हाच त्याच्या वाट्याचं बक्षीसपत्र नोंदवून घेतलं. माझ्या वतीने भावाने सही केली. इथे केस दाखल झाल्यावर एकमेकांच्या लेखी संमतीशिवाय मालमत्ता हलवता येत नाही, ते संमतीचं पानही इथल्या वकीलबाईंनीच लिहून दिलं.

४०१-के, म्हणजे नोकरीतली निवृत्तीची बचत, वाटण्यासाठी वेगळा कोर्ट-आदेश लागतो, त्याचे ६५० डॉलर. सगळं मिळून ३,०४४ डॉलर आणि पुण्याचे १२,००० रुपये, आम्ही निम्मे निम्मे केले.

साइटला मी पाचपैकी दोन देते. लग्नाला पाच वर्षं झाली नसतील, मूल नसेल, घर नसेल आणि फारशी मालमत्ता वा कर्ज नसेल, तर कोर्टाचा समरी डिसोल्यूशनचा सोपा मार्ग आहे, तेव्हा या साइटचीही गरज नाही. मुलं असतील तर सरळ वकिलाकडे जा. आणि एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधारावर, असाल तर कागद भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटाच. निकाल लागला की नवऱ्याच्या व्हिसावरचा तुमचा आधार संपतो, आणि कुठलाही फॉर्म ते विचारत नाही.

निकाल नोव्हेंबरमध्ये आला. प्रमाणित प्रत १५ डॉलरला मिळते, मी दोन घेतल्या. एकीवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी दाखला, करून ती भावाकडे पाठवली. पुण्यात ती फ्लॅटच्या इंडेक्स-२ सोबत एकाच फाइलमध्ये आहे.