टीव्हीच्या सेटिंगसाठी मॅक्रो: हातातला युनिव्हर्सल रिमोट घ्यावा की वाय-फाय ब्लास्टर?

मॅक्रो म्हणजे एका बटणात बांधलेली आज्ञांची मालिका. आयआरवर, म्हणजे साध्या रिमोटच्या अदृश्य इन्फ्रारेड प्रकाशावर, चालणारा कुठलाही मॅक्रो आंधळा असतो. तो एकामागून एक आज्ञा सोडत जातो. टीव्ही आधीच चालू होता का, मधली एखादी आज्ञा हुकली का, मेन्यू कुठल्या ओळीवर उघडला, यातलं काहीच त्याला कळत नाही. म्हणून रिमोट निवडताना बटणं किती आणि अ‍ॅप किती देखणं हे नंतर बघा. आधी बघा, या आंधळेपणावर त्यात तोडगा काय आहे.

बऱ्याच घरांत दिसणारी जोडणी घेऊ: टीव्ही, डीटीएचचा बॉक्स, साउंडबार आणि फायर टीव्ही स्टिक. एका बटणावर टीव्ही चालू व्हावा, एचडीएमआय २ लागावं आणि पिक्चर मोड ‘सिनेमा’ व्हावा, एवढीच अपेक्षा.

खर्च करण्याआधी टीव्हीतलं एचडीएमआय-सीईसी (एचडीएमआय वायरीतूनच साधनांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय) चालू करून पाहा. सॅमसंगमध्ये त्याचं नाव एनीनेट+, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. स्टिक जागी झाली की टीव्ही चालू होऊन तिच्या इनपुटवर जातो आणि आवाज साउंडबारकडे वळतो. फक्त चालू-बंद, इनपुट आणि आवाज एवढीच गरज असेल, तर इथेच थांबा. अनेक डीटीएच बॉक्स मात्र सीईसीला दाद देत नाहीत, आणि पिक्चर मोड बदलणं सीईसीच्या कामात बसत नाही.

त्यापुढे खरी निवड दोघांत आहे. एकीकडे सोफाबॅटन यू२सारखा हातात धरायचा रिमोट, दुसरीकडे ब्रॉडलिंक आरएम४ मिनीसारखा शोकेसमध्ये ठेवायचा वाय-फाय ब्लास्टर, म्हणजे फोनवरून आज्ञा घेऊन आयआर सिग्नल सोडणारी डबी. (लॉजिटेकचा हार्मनी जुन्या बाजारात अजून दिसतो. कंपनीने २०२१ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं आणि त्याची मांडणी कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून आहे. आता त्यात पैसे घालू नयेत.)

हातातल्या रिमोटचा मोठा गुण म्हणजे खरी बटणं. आजी-आजोबांना फोन उघडून अ‍ॅप शोधायला लावणं बरोबर नाही. वीज जाऊन आली, राउटर अजून सुरू होतोय, तरी हा रिमोट लगेच चालतो. यू२ ब्लूटूथही बोलतो, म्हणून फायर स्टिक त्याच्या आवाक्यात येते. ब्लास्टर फक्त आयआर पाठवतो आणि स्टिकला आयआर कळत नाही, त्यामुळे तिला मॅक्रोत घ्यायचं तर दुसरी वाट शोधावी लागते. हातातल्या रिमोटची उणीव अशी, की मॅक्रो संपेपर्यंत तो टीव्हीकडे रोखून धरावा लागतो. दहा सेकंदांचा मॅक्रो असेल तर माणूस तिसऱ्या सेकंदाला हात खाली घेतो आणि उरलेल्या आज्ञा सोफ्याला जातात.

ब्लास्टर जागचा हलत नाही, त्यामुळे लांब मॅक्रो त्यावर भरवशाचे. काच चालते, लाकडी दार मधे आलं तर नाही. तो फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर जोडला जातो. फोन ५ गिगाहर्ट्झवर असेल तर जोडणी बहुधा तिथेच अडते. होम असिस्टंटमधून (घरातली साधनं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) चालवायचा असेल तर ब्रॉडलिंकच्या अ‍ॅपमधलं ‘लॉक डिव्हाइस’ बंद ठेवा. तिथे दोन आज्ञांमधलं अंतर आपोआप ०.४ सेकंद असतं आणि हवं तसं वाढवता येतं.

दोन्ही पर्यायांत यश-अपयश ठरतं ते कोडवर, म्हणजे प्रत्येक आज्ञेच्या ठरलेल्या आयआर सिग्नलवर. मूळ रिमोटचं पॉवर बटण टॉगल असतं: टीव्ही चालू असताना मॅक्रो दाबला की टीव्ही बंद होतो. अनेक टीव्ही ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ असे वेगळे कोडही ओळखतात, पण मूळ रिमोटवर ती बटणं नसतात. एलजीच्या अनेक मॉडेलांत चालूसाठी सी४, बंदसाठी सी५ आणि एचडीएमआय १ साठी थेट सीई हा कोड आहे. जे बटणच नाही ते रिमोटला शिकवता येत नाही, म्हणून तयार कोडसंग्रह असलेलं किंवा कोड हाताने भरू देणारं साधन घ्या. काही शे रुपयांचे नुसते ‘लर्निंग’ (मूळ रिमोटचे सिग्नल शिकणारे) रिमोट इथेच मार खातात.

शिकवावंच लागलं तर दोन्ही रिमोट समोरासमोर, तीन-चार सेंटिमीटरवर ठेवा, ऊन टाळा आणि बटण पटकन दाबून सोडा. दाबून धरलं तर रिपीटचे सिग्नलही शिकले जातात. आरसी-५ या सिग्नल-पद्धतीच्या रिमोटमध्ये आणखी एक खोच आहे. त्यात प्रत्येक दाबाला एक बिट उलटतो. शिकलेल्या कोडमध्ये तो गोठतो, मग ‘खाली, खाली, खाली’ पाठवलं तरी टीव्हीला एकच लांब दाब वाटतो. तिथेही संग्रहातला कोडच वापरावा.

पिक्चर मोडचा थेट कोड मिळाला तर काम झालं. नाही मिळाला तर मेन्यूतून चालत जावं लागतं, आणि मॅक्रो सगळ्यात जास्त इथे मोडतात. आधी दोनदा एक्झिट, मग मेन्यू, मग दोन सेकंद थांबा. कर्सर मागच्या वेळच्या ओळीवर असू शकतो, म्हणून ‘वर’ दहा वेळा पाठवून त्याला टोकाला न्या आणि तिथून मोजा. बाणांमध्ये ०.४ ते ०.५ सेकंद ठेवा. यादी वरून फिरून खाली येणारी असेल तर ही युक्ती निकामी होते. टीव्ही नुकताच चालू झाला असेल तर मेन्यूआधी पंधरा-वीस सेकंद द्या. अँड्रॉइड टीव्हींना ते लागतात. एचडीआर (जास्त उजळ आणि जास्त रंगांचं) चित्र सुरू असताना मोडची यादीच बदलते, तेव्हा तीच पावलं भलत्या मोडवर नेतात. ऊर्जा-बचत चालू असेल तर काही ओळी फिक्या पडतात आणि कर्सर त्या ओलांडून जातो.

मेन्यूत शिरण्याआधी एक साधी गोष्ट तपासा: बरेच टीव्ही प्रत्येक इनपुटचा पिक्चर मोड वेगळा लक्षात ठेवतात. स्टिकच्या इनपुटला एकदा ‘सिनेमा’ आणि डीटीएचच्या इनपुटला ‘स्टँडर्ड’ लावून ठेवा. मग मॅक्रोला फक्त इनपुट बदलायचं उरतं, आणि त्यासाठी हातातला रिमोट पुरतो. बहुतेकांना आमचा सल्ला हाच.

एकाच इनपुटवर मोड रोज बदलायचा असेल, किंवा ठरलेल्या वेळी आपोआप काही व्हायला हवं असेल, तर ब्लास्टर घ्या. टीव्ही एलजीचा वेबओएस किंवा सोनीचा ब्राव्हिया असेल तर होम असिस्टंटला तो नेटवर्कवरही जोडा. तिथे टीव्ही चालू आहे का, कुठल्या इनपुटवर आहे, हे आधी विचारून मग आज्ञा सोडता येते.

काहीही घेतलं तरी मॅक्रो तीन अवस्थांत चालवून पाहा: टीव्ही बंद असताना, दुसऱ्या इनपुटवर चालू असताना आणि एचडीआर चित्र सुरू असताना. तिसऱ्यात फसला तर त्याच मॅक्रोत पावलं वाढवू नका; एचडीआरसाठी वेगळं बटण ठेवा.